मामांची हॉफनर, मिरजेचा कारखाना आणि ओरिजिनल पार्टची शोधाशोध

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं नंतर. घरात जुनी जर्मन गिटार पडून असेल, नेक म्हणजे दांडी सुटलेली असेल, कडेची बाइंडिंगची पट्टी निघाली असेल आणि तुम्ही सांगली सातारा कोल्हापूरकडचे असाल तर लाकडाच्या कामासाठी पुण्यामुंबईचा रस्ता धरायच्या आधी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारा. मी मारली, पाच महिने गेले, पण गिटार वाजायला लागली आणि तिच्यातला एकही जुना तुकडा वाया गेला नाही. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कुठं कापला ते पुढं येईल. कारखान्याचं नाव टाकत नाही कारण तो चालवणाऱ्या चाचांनीच नको म्हणून सांगितलंय, ऐन सीझनला तानपुऱ्यांची ऑर्डर असते आणि गिटारी घेऊन लोक यायला लागले तर ते काम मागं पडेल असं त्यांचं म्हणणं, ते मला पटलं. गल्लीत कुणालाही विचारलं की गिटार कोण हातात घेतं ते सांगतात.

गिटार माझ्या थोरल्या मामांची. हॉफनर या जर्मन कंपनीची क्लब ५०, दोन पिकअपची (तारांचा आवाज विजेतनं अँप्लिफायरकडं नेणारे भाग). मामा सत्तर-ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे, गणपतीत रोज एक गाव, आज तासगाव उद्या जयसिंगपूर परवा इचलकरंजी, रात्री दोनला टेम्पोतनं परत आणि सकाळी कामावर हजर. १९७६ साली मुंबईत धोबीतलावला एका गोवेकर वादकाकडनं त्यांनी ही सेकंडहँड घेतली, त्या वादकाचा भाऊ बोटीवर होता आणि त्यानं ती लंडनहून आणलेली. इंग्लंडमध्ये हॉफनर विकायचं काम सेल्मर कंपनीकडं होतं आणि क्लब ४०, क्लब ५०, क्लब ६० ही नावं तिथल्या बाजारासाठीची, त्यामुळं मामांची लंडनची गोष्ट आणि गिटारीचं नाव दोन्ही जुळतं. बीटल्सच्या जॉन लेननकडं सुरुवातीला क्लब ४० होती आणि पॉल मॅकार्टनीनं १९६१ मध्ये हँबर्गला घेतलेला तो व्हायोलिनच्या आकाराचा बेसही हॉफनरचाच, हे मामा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि सांगताना अजून त्यांचा चेहरा फुलतो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. मामांचं घर गावभागात. निघताना त्यांनी गिटार केससकट लोखंडी कपाटावर ठेवली, पाणी कपाटाच्या वर गेलं नाही म्हणून ती बुडाली नाही, पण बंद घरात सहा दिवस खाली कमरेच्या वर पाणी आणि वर ती कोंदट हवा. परत आल्यावर केस उघडली तर आत पांढरी बुरशी, तारांचा गंज बोटाला लागतोय, नेक जिथं बॉडीला मिळतो तिथं पोस्टकार्ड घालता येईल एवढी फट. मामांनी केस मिटली आणि माळ्यावर टाकली. घर सावरायचं होतं, तेव्हा गिटारीचं कोण बघणार.

दोन वर्षांपूर्वी मी ती खाली काढली. पहिल्यांदा एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात दाखवली, नाव लिहीत नाही. तिथं त्यांनी पाच मिनिटात इस्टिमेट दिलं, नवी पिकअप, नव्या ट्युनिंग की त्याही जादा भोकं पाडून, नेक इपॉक्सीनं फिक्स आणि वरनं पूर्ण स्प्रे पेंट, २२ हजार. मामा सोबत होते. ते काहीच बोलले नाहीत, केसच्या कड्या लावल्या आणि उठले. बाहेर चहा पिताना एवढंच म्हणाले, "अरे मग ही कशाला, नवीनच घे की." आणि खरं आहे ते. जुन्या गिटारीच्या हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला, जिथं ट्युनिंग की असतात) एकदा नवं भोक पडलं की ते परत भरून येत नाही. इपॉक्सी लावली की पुढं कधी नेक काढायचा म्हटलं तर लाकूडच फाटतं. हे तिन्ही-चारी उद्योग झाल्यावर उरतो तो नुसता आकार.

मिरजेचं डोक्यात आलं ते बायकोच्या तानपुऱ्यामुळं. जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा झणकार नीट करायला, आम्ही तिथंच जातो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं हे सगळ्यांनी वाचलं असेल, पण ही माणसं मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी, तिथनं वाद्यांकडं आली, हे गल्लीतले लोक अजून अभिमानानं सांगतात. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या. वर पंढरपूरकडनं आलेले भोपळे टांगलेले, खाली तुणीच्या लाकडाचा भुसा, कोपऱ्यात चपड्याच्या म्हणजे लाखेच्या पॉलिशचा वास, आणि शेगडीवर डब्यात सरस म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांचा जुना गोंद तापतंय. तो सरसाचा डबा बघितला आणि मला वाटलं आपण बरोबर ठिकाणी आलोय.

चाचांनी गिटार हातात घेतली आणि आधी काहीच विचारलं नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटानं वरच्या पाटीवर टकटक करत कडेकडेनं फिरले, एका ठिकाणी आवाज बदलला तिथं थांबले, खडूनं बारीक खूण केली. मग गिटार उजेडाकडं धरून नेकवरनं एक डोळा मिटून बघितलं. "दांडी सरळ आहे. सांधा सुटलाय फक्त." मग त्यांनी विचारलं, "कुठल्या गावची?" मी म्हणलं जर्मनी. ते म्हणाले, "देश नाही विचारला, गाव."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कार्ल हॉफनरनं १८८७ मध्ये शोनबाख नावाच्या गावात व्हायोलिनचं काम सुरू केलं, ते गाव आज चेक देशात आहे आणि त्याचं नाव लुबी. तो सगळा पट्टाच व्हायोलिनवाल्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांना घरंदारं सोडून निघावं लागलं, कारागिरांसकट, आणि १९४९ पासून त्यांची वस्ती एर्लांगेनजवळच्या बुबेनरॉइट या बारक्या शेतकरी गावात बसली. गल्लोगल्ली कुणी नेक करतंय, कुणी ब्रिज करतंय, कुणी पेट्या करतंय. गिटारीच्या कंपन्या सगळ्या तिथल्याच, हॉफनर तिथंच, फ्रामुस तिथंच, क्लीरा तिथंच, होयरवाले पलीकडं टेनेनलोहेला. चाचा ऐकत होते, हातातला पटाशीचा दांडा फिरवत. मग मुलाला म्हणाले, "ऐकलं का, पूर्ण गल्ली उठून दुसऱ्या गावात गेली." त्यानंतर त्यांनी ती गिटार ज्या पद्धतीनं खाली ठेवली ती पद्धत वेगळी होती, आधी जुना गोधडीचा तुकडा अंथरला आणि त्यावर ठेवली.

आता काम. सगळ्यात आधी ब्रिज. क्लब ५० पोकळ बॉडीची आहे, एफ होल म्हणजे व्हायोलिनसारखी वरची भोकं नसतात पण आत पोकळ, आणि ब्रिज लाकडाचा, तो नुसता तारांच्या दाबानं वर बसतो, चिकटवायचा नसतोच. सतारीची घोडी जशी. आमच्या गिटारीवर ऐंशीच्या दशकात कुणीतरी तो फेविकॉलनं चिकटवून टाकला होता, का तर कार्यक्रमात सरकतो म्हणून. चाचांनी चाकूचं पातं शेगडीवर कोमट केलं, ओल्या फडक्याची घडी ब्रिजच्या पायाशी दहा मिनिटं धरली आणि पातं एक एक मिलिमीटर आत घालत गेले, मध्येच थांबून पात्याला लागलेला पांढरा गोंद पुसायचे. पाऊण तास लागला. ब्रिज सुटला तेव्हा खालचं मूळ लॅकर जसंच्या तसं, कडेला नखाएवढा एक पोपडा सोडला तर. तो पोपडासुद्धा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडं दिला.

या ब्रिजची गंमत अशी की वर सॅडल, म्हणजे तार जिथं टेकते ते भाग, फ्रेटच्या (नेकवरच्या पडद्यांच्या) तारेचेच छोटे छोटे तुकडे असतात, खाचांमध्ये बसवलेले. तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवायची आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा सूर) वाजवायचा, दाबलेला सूर चढा लागला तर तुकडा मागच्या खाचेत, उतरलेला लागला तर पुढच्या. आमचे सहापैकी दोन तुकडे हरवले होते. हे दोन तुकडे मी ओरिजिनल शोधत बसलो नाही. फ्रेटची तार ही फ्रेटची तार, जुन्या जाडीची तेवढी मिळाली पाहिजे, ती मिळाली आणि कापून बसवली. ओरिजिनलच्या नादात माणूस कुठं थांबायचं ते विसरतो, मीही एका क्षणी या दोन तुकड्यांसाठी जर्मनीला मेल टाकायला बसलो होतो.

नेकचं काम मी दोन दिवस सुट्टी काढून बघितलं. जुना सांधा खाचेत बसवलेला आणि सरसानं चिकटवलेला. सरस ओलाव्यानं आणि उष्णतेनं सुटतं, म्हणूनच पुराच्या दमट हवेत तो सुटला, आणि म्हणूनच तो नीट उघडूनही निघाला. हाच त्या सरसाचा गुण आहे, उद्या पन्नास वर्षांनी कुणाला परत काढायचा झाला तर निघेल. चाचा शेगडी जवळ घेणार एवढ्यात मी त्यांना बाइंडिंगबद्दल सांगायला लागलो की हे सेल्युलॉइड आहे, लवकर पेट घेतं. त्यांनी हसून मला दारात नेलं, निघालेल्या बाइंडिंगचा तांदळाएवढा कण चिमट्यात धरला आणि काडी लावली. फुर्र करून गेलं, राखसुद्धा नाही. मग दुसरा कण नखानं खरवडून माझ्या नाकाशी धरला. कापराचा वास. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. सतारीवरची ती पांढरी नक्षी, कडेच्या पट्ट्या, हे सगळं पिढ्यान् पिढ्या याच मटेरियलमध्ये केलेलं, मी त्यांना काय नवीन सांगणार होतो. शेगडी लांबच राहिली, गरम पाणी आणि कोमट पातं एवढ्यावर सांधा उघडला.

जुनं सरस गरम पाण्यानं धुऊन काढलं, दोन दिवस वाळवलं, खाचेत एका बाजूला कागदापेक्षा थोडी जाड लाकडाची चीप घातली म्हणजे नेकचा कोन परत मूळ जागी येईल, मग ताजं सरस लावून सुतळीनं आवळलं आणि सुतळीत लाकडाच्या पाचरी मारल्या. क्लॅम्प होते त्यांच्याकडं, पण गोल अंगाला सुतळीचा दाब सगळीकडनं सारखा बसतो म्हणाले. पाचव्या दिवशी सुतळी सोडली तर ती फट कुठं होती ते मला दाखवता येईना. हे काम पावसाळ्यात द्यायचं नाही बरं का. मी नोव्हेंबरला दिलं होतं. जुलैत सरस वाळायलाच मागत नाही आणि मिरजेत हवा काय असते माहितीय.

बाइंडिंगचं तर मला सगळ्यात कौतुक वाटलं. जुनं सेल्युलॉइड आकसतं, त्यामुळं आमचं कमरेच्या वळणावर निघून बोटभर तुटलेलं होतं. मी ऑनलाइन नव्या प्लास्टिकच्या पट्ट्या बघून ठेवल्या होत्या, पांढऱ्याफेक. चाचांनी माळ्यावरनं एक पत्र्याचा डबा काढला, त्यात त्यांच्या वडलांच्या वेळचे सेल्युलॉइडचे तुकडे, वयानं पिवळट पडलेले. आमच्या गिटारीचा पिवळा आणि त्या डब्यातला एक पिवळा, दोन्ही शेजारी धरले तर फरक कळत नव्हता. तेवढा तुकडा बसवला आणि बारीक फटी भरायला मूळ बाइंडिंगचेच कण ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची लई केली. बुबेनरॉइटचा तुकडा नाही तो, मान्य. पण तेच मटेरियल, त्याच काळातलं, माझ्या हिशोबात तो ओरिजिनलच्या जवळचा आहे आणि कारखान्यातनं परवा निघालेल्या नव्या पट्टीपेक्षा किती तरी जवळचा.

पॉलिशवरनं मात्र आमचं थोडं वाजलं. चाचांची सवय वाद्य आरशासारखं करून द्यायची. मामांचा उजवा हात वर्षानुवर्षं जिथं टेकायचा तिथं लॅकर उडून लाकूड दिसतं, ती जागा त्यांना भरायची होती. मी नको म्हणून गेलो, आणि तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर नेकच्या टाचेजवळ चपड्याचा हात मारलेला, बाकी अंगापेक्षा ठळक चमकतंय. अर्धा मार्क इथं कापला. मूळ फिनिश नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, चपडा नव्हे. बरं झालं की चपडा स्पिरिटनं निघतो, त्यांनीच नंतर पुसून मंद करून दिला, हाताची जागा तशीच सोडली. पण तुम्ही जाल तर आधीच खडूनं आखून द्या, इथं इथं हात लावायचा नाही. आणि फ्रेटचं काम तिथं देऊ नका. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात, गिटारीचे ठोकून बसवलेले, तो हात वेगळा. हे चाचांनी स्वतः सांगितलं, "हे माझं नाही, बिघडवणार नाही." असं सांगणारा कारागीर मला जास्त भरवशाचा वाटतो.

नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी, फुटला होता, तो त्यांनी उंटाच्या हाडाचा नवा करून दिला. आधी मला खटकलं. पण हॉफनरला नटच्या पुढं झीरो फ्रेट असतो, उघडी तार त्या फ्रेटवर टेकते, नटचं काम फक्त तारा आपापल्या अंतरावर धरून ठेवायचं. आवाजात फरक पडायचा प्रश्न नाही. जुना फुटका नट पुडीत ठेवलाय.

इलेक्ट्रिकचं काम सांगलीत एका जुन्या रेडिओवाल्या काकांकडं केलं, कारखान्यात ते होत नाही. दोन पिकअप, दोन्हीवर हिऱ्याच्या आकारात हॉफनरचा लोगो, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीची. नेककडचा मीटरवर व्यवस्थित आकडा दाखवत होता, ब्रिजकडचा बंद. इथं माझी एक चूक झाली, घाईत मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडनं ओरिजिनल म्हणून लिहिलेला पिकअप मागवला. पार्सल कुरिअरवाल्यांनी कागदपत्रांसाठी ११ दिवस अडवलं, रोज नवीन कागद, कस्टम भरलं, आणि हातात आला तो नवीन बनावटीचा तुकडा, वर जुनाट दिसावा म्हणून घासलेला. मागं बघितलं की कळतं, वायर कोरी प्लास्टिकची आणि स्क्रूची भोकं आमच्याशी जुळत नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, मागच्या बाजूचा फोटो आणि मीटरवरचं रीडिंग आल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही.

आणि इतकं करून आमचा मूळ पिकअप मेलेलाच नव्हता. काकांनी चष्म्यावर भिंग लावलं, पिकअप उघडला आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "कॉइल चांगली आहे रे, तोंडाशी तुटलीय." केसापेक्षा बारीक ती तार, जिथं बाहेरच्या वायरला जोडलेली तिथंच हिरवी पडून तुटली होती. एक वेढा सोडवून त्यांनी नखावर वार्निश खरवडलं, टाका मारला, मीटरचा काटा हलला. काकांच्या टेबलावर सगळे मर्फीचे रेडिओ उघडे पडलेले आणि मध्ये आमचा पिकअप, मी दोन्ही हातांनी टॉर्च धरून उभा. पिकअप रिवाइंड म्हणजे तार परत गुंडाळायला देणं हा शेवटचा उपाय आहे, आधी टोकं तपासा. कंट्रोल प्लेटवरचे सरकते स्विचही त्यांनी उघडून साफ केले, ते ऱ्हिदम सोलोचं बटण इतक्या वर्षांनी परत काम करतंय, सोलोला आवाज पूर्ण आणि ऱ्हिदमला दबलेला, गाणाऱ्याच्या मागं वाजवायला.

आता ट्युनिंग की. तीन तीनच्या पट्टीवर बसवलेल्या, आणि त्यांच्या पांढऱ्या टोप्या चुरा होऊन गेलेल्या, बोट लावलं की भुगा. सेल्युलॉइड एकदा सडायला लागलं की त्यातनं जी वाफ निघते ती शेजारच्या धातूलाही खाते, बंद केसमध्ये तर फारच, आमच्या दातऱ्या अशाच हिरव्या झाल्या होत्या. असा सडका पिकगार्ड किंवा टोप्या असतील तर केसमध्ये गिटारीबरोबर ठेवू नका, वेगळ्या ठेवा, हवा लागू द्या. दोन दातऱ्या झिजून घसरत होत्या, त्यामुळं इथं खरोखर पार्ट बदलायचाच होता.

पार्ट शोधताना इंग्रजीत शोधलं की महागच दिसतं. जर्मन शब्द टाकून जर्मनीच्या जुन्या सामानाच्या साइटवर शोधायला लागलो तेव्हा चित्र बदललं. ट्युनिंग कीला ते मेकानिकन म्हणतात, पिकअपला टोनआबनेमर, ब्रिजला श्टेग, टेलपीसला (तारा मागं अडकवायची पट्टी) झाइटनहाल्टर, पिकगार्डला श्लागब्रेट. आणि ज्या जाहिरातीत फ्यूर बास्टलर लिहिलेलं असतं, म्हणजे स्वतः खटपट करणाऱ्यांसाठी, मोडकं असं, तिथं खरा माल असतो. दुसरी गोष्ट, फक्त हॉफनर शोधू नका. त्या पट्ट्यातले कारखाने कीसारखा माल बऱ्याचदा बाहेरच्या त्याच त्याच पुरवठादारांकडनं घ्यायचे, त्यामुळं क्लीराच्या मोडक्या गिटारीवरची पट्टी हॉफनरला बसू शकते. मला तशीच मिळाली. एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थांकडं क्लीराचा तुटका नेक होता, मी त्यांना कॅलिपरनं मापून खुंटी ते खुंटी अंतर, स्क्रूच्या भोकांचं अंतर, खुंटीची जाडी असं कागदावर चित्र काढून पाठवलं, त्यांनी त्याच कागदाच्या प्रिंटवर स्वतःची मापं लिहून फोटो पाठवला. जुळलं. एकही नवं भोक न पाडता दोन्ही पट्ट्या जुन्या भोकांत बसल्या. पार्सलमध्ये त्यांनी न मागता चार जुने स्क्रू जादा टाकले होते, चिठ्ठी लावून.

खर्च सांगतो कारण विचारणार सगळे. कारखान्याचं लाकूडकाम सगळं मिळून ७,५००. रेडिओवाल्या काकांनी ६०० घेतले, जादा घ्यायलाच तयार नाहीत. की पोस्ट आणि कस्टम धरून ९ हजारांच्या आसपास. फसलेल्या पिकअपचे वेगळे, ते यात धरत नाही. कारखान्याबद्दल तक्रार म्हणाल तर पावती मिळत नाही, फोन उचलतीलच असं नाही, आणि पंधरा दिवस सांगितले की दोन महिने धरून चला. मुलगा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, त्याचा नंबर घेऊन ठेवायचा.

मार्चमध्ये गिटार घेऊन आम्ही घरी आलो. तारा अकराच्या गेजच्या (जाडीच्या) फ्लॅटवाउंड, म्हणजे वरनं गुळगुळीत, लावल्यात, जुन्या नेकवर जास्त ताण नको म्हणून आणि मामांच्या वेळेला हाताला तसल्याच तारांची सवय. मामांनी आधी सूर लावला, कानानं, ट्यूनर बाजूला सारून. मग नेककडचा पिकअप, ऱ्हिदमला बटण, आणि डाव्या हाताची बोटं पूर्वी जशी पडायची तशी पडेनात म्हणून तीच एक जागा वीस-पंचवीस वेळा वाजवली. आवाज गोल आहे, लाकडाचा वाटतो, आताच्या गिटारीसारखा टोकदार नाही, वरच्या पट्टीत किंचित नाकातला. ब्रिजकडच्या पिकअपवर गेलं की थोडा कर्कश होतो, पण ऑर्केस्ट्रात त्याचाच उपयोग व्हायचा म्हणाले, ब्रासच्या वर ऐकू यायचं. मामी स्वयंपाकघरातनं येऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शिट्टी झाली की गॅस बंद करा कोणीतरी," आणि तिथंच उभ्या राहिल्या.

पाच आठवडे झाले, नेक हललेला नाही, दर रविवारी ब्रिजवरची तारांची उंची मोजून वहीत लिहितोय. केसमध्ये सिलिकाच्या पुड्या टाकल्यात आणि केस आता माळ्यावर नाही, आतल्या भिंतीला उभी असते. निघालेलं सगळं, फुटका नट, टोप्यांचा चुरा, लॅकरचा पोपडा, जुन्या कीच्या पट्ट्या, भडंगाच्या रिकाम्या डब्यात वेगवेगळ्या पुड्यांत नावं घालून ठेवलंय.

एकच गोष्ट राहिलीय, व्हॉल्यूमचा एक नॉब. दांडी ६ मिलिमीटरची आहे, अमेरिकन मापाचा नॉब त्यावर सैल बसतो हे लक्षात ठेवा. सध्या लॅमिंग्टन रोडवरनं आणलेला काळा घातलाय, तो दिसतो वेगळा. त्या काळातला, मोडका असला तरी चालेल, कुणाच्या घरी जुन्या ऑर्केस्ट्राच्या सामानात पडला असेल तर गल्लीत चाचांकडं सांगून ठेवा, मी दर पंधरा दिवसांनी तिकडं असतोच.